अस्सल, नक्कल आणि फॅक्स

नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे आणि माळेगावही आहे. मालेगाव यंत्रमागांचे, उर्दू बोलणारे शहर, साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले. माळेगाव सिन्नर तालुक्यातले, जिथे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. मराठीत दोघांमध्ये फरक फक्त एका ‘ळ’चा, आणि इंग्रजीत लिहिले की तोही उरत नाही. दोन्ही गावांचे स्पेलिंग एकच होते. एक नाशिकच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर, दुसरे दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर. पाकिटावर पिन कोड किंवा तालुका नसेल तर टपालखात्याने काय समजायचे?

तारेच्या आणि टेलेक्सच्या जमान्यात ही अडचण रोजची होती. तार म्हणजे अक्षरांचा संकेत. पाठवणारा कागद पाठवत नसे, त्यातली अक्षरे पाठवत असे, आणि अक्षरे बहुतेक वेळा इंग्रजी असत. १९४९ पासून देवनागरी तारेची सोय झाली होती, पण सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात तार म्हणजे इंग्रजीच. देवनागरी टेलिप्रिंटर वृत्तसंस्थांकडे आणि मोठ्या दैनिकांकडे असत, तालुक्याच्या गावी कोण आणणार? उर्दूचे तर विचारूच नका. ज्या लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलते, ओळ उतरत उतरत जाते, ती टिकटिक करणाऱ्या यंत्रात बसवायची कशी?

फॅक्सने हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला सारला. फॅक्सला अक्षर कळतच नाही. त्याला फक्त काळा ठिपका आणि पांढरा ठिपका कळतो. ‘ळ’ असो, नस्तालिकमधला ‘ये’ असो, की मुनीमजींची मोडी सही असो, त्याच्या लेखी सगळे सारखेच.

ही कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये, म्हणजे ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनच्या तीसेक वर्षे आधी, तारेवरून चित्र पाठवण्याचे पेटंट घेतले. ते व्यवहारात आणले इटलीच्या जिओव्हानी कासेली या पाद्र्याने. त्याचे ‘पँटेलिग्राफ’ नावाचे माणसापेक्षा उंच यंत्र १८६५ मध्ये पॅरिस आणि ल्यों या शहरांमध्ये लोकांसाठी सुरू झाले. त्याचा सर्वांत जास्त उपयोग कशासाठी झाला असेल? प्रेमपत्रांसाठी नाही, चित्रांसाठीही नाही. बँकेच्या व्यवहारात सही पडताळण्यासाठी. दूरवरच्या शाखेला ही सही त्याच माणसाची आहे का, हे डोळ्यांनी बघता यावे म्हणून. फॅक्सच्या जन्मापासूनच त्याच्यामागे हा सवाल लागलेला आहे: समोर आलेला कागद अस्सल की नक्कल?

हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून आले. ‘अस्ल’ म्हणजे मूळ, बुंधा. ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, आणि त्यावरून उतारा. मराठी कागदपत्रांचा सारा संसारच असा उभा आहे. कागद, दफ्तर, दाखला, अर्ज, मजकूर, तारीख, रुजू, शिक्का, सनद, तहसील. फडणीस आणि चिटणीस यांच्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरी रोजच्या कचेरीत हे शब्द टिकून राहिले. आजही सिन्नरच्या तहसील कार्यालयात शेतकरी ‘प्रमाणित प्रतीसाठी विनंती’ करत नाही, तो ‘नकलेचा अर्ज’ करतो.

शब्दच नाही, कागदही. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याकडचे जुन्नर ही हातकागदाची जुनी ठिकाणे, आणि कागद बनवणारे कारागीर बहुतांशी मुसलमान, कागदी किंवा कागझी आडनावाचे. मोडीतली कितीतरी दफ्तरे त्यांच्या हातच्या कागदावर लिहिली गेली. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण जे पूजतो, त्याच्या लगद्यात कोणाचे हात बुडाले होते हे क्वचितच सांगितले जाते. असो.

सिन्नरकडे वळू. हे गाव कागदाच्याही आधीचे. यादवांच्या सुरुवातीच्या काळातली राजधानी, आजही गोंदेश्वराचे देऊळ उभे आहे. त्या यादवांचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट शेजारच्या संगमनेरला सापडला. ताम्रपटाची गंमत अशी की दान घेणाऱ्याच्या हाती जो पत्रा येई, तीच अस्सल. तो हरवला की हक्क सिद्ध करणे कठीण. पुढे दफ्तर आले आणि उलटे झाले. अस्सल सरकारकडे, माणसाच्या हाती नक्कल. इंग्रजांनी ही पद्धत घट्ट केली. रेकॉर्ड सरकारी खोलीत, कुलूप सरकारी, आणि नक्कल हवी तर फी भरा, कारकून हाताने उतारा करील, ताडून पाहील, सही-शिक्का मारील. त्या शिक्क्याचा अर्थ असा की एका माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. वाचले, हे महत्त्वाचे.

आता १९८०-९० च्या दशकात येऊ. सॅम पित्रोदांचे सी-डॉट १९८४ चे. त्यानंतर काही वर्षांत पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गावोगाव झाले. सिन्नरचा कोड ०२५५१. तोवर ट्रंक कॉल लावून तासन्तास बसणारा माणूस आता स्वतः नंबर फिरवू लागला. आणि ज्या बूथमध्ये थोडे भांडवल होते, तिथे फोनशेजारी फॅक्स मशीन आले.

सिन्नरला त्याची गरज होती. माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत, दोन्हींकडे छोटे-मोठे कारखाने. त्यांचे गिऱ्हाईक मुंबईत, पुण्यात, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये. सुट्या भागाचे रेखाचित्र फोनवर सांगता येत नाही. पोस्टाने दोन-तीन दिवस. एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिले तर संध्याकाळपर्यंत पोहोचे, पण स्टँडवर माणूस उभा पाहिजे. तालुक्याचे वार्ताहरही याच मार्गाने नाशिकच्या दैनिकांना बातम्या पाठवत, पाकिटावर ‘बातमी, अर्जंट’ असे लिहून. फॅक्स आल्यावर मिनिटाभरात पान पोहोचू लागले.

हे मिनिट कुठून आले? १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने ‘ग्रुप ३’ नावाचे मानक ठरवले. जगातले कुठलेही फॅक्स मशीन दुसऱ्या कुठल्याही मशीनशी बोलू लागले ते यामुळे. पानाच्या आडव्या ओळीत १७२८ ठिपके, उभ्या दिशेला एका मिलिमीटरमध्ये साधारण चार ओळी. प्रत्येक ठिपका वेगळा पाठवायचा नाही. ‘इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे’ असे मोजून पाठवायचे. कोऱ्या जागेला वेळ लागत नाही, भरगच्च पानाला लागतो. त्यामुळे सुटसुटीत मराठी पत्र झटकन जाई आणि बारीक अक्षरातला भाडेकरार रेंगाळे.

मिलिमीटरला चार ओळी म्हणजे फार नाही. बारीक हस्ताक्षरातला अनुस्वार दोन ओळींमध्ये हरवू शकतो. उर्दूत तर सगळा खेळच नुक्त्यांचा. ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फरक एका टिंबाच्या जागेचा. त्यामुळे उर्दू मजकूर फॅक्स करणारे मोठ्या टाकाने, ठळक लिहीत, आणि बूथवाल्याला ‘फाइन’चे बटण दाबायला सांगत. तरीही मालेगावहून मुंबईच्या उर्दू दैनिकाला बातमी पाठवायची तर दुसरे काय होते? कातिब मुंबईत बसून ते पान बघून पुन्हा सुलेखन करी. जपानी लोक फॅक्सला इतके का चिकटून राहिले याचे एक मोठे कारण हेच. हजारो चित्राक्षरे टंकयंत्रात बसवण्यापेक्षा हाताने लिहून चित्र पाठवणे सोपे. १९२८ मध्ये सम्राट हिरोहितोच्या राज्यारोहणाची छायाचित्रे क्योटोहून टोकियोला गेली ती त्यांनी स्वतः बनवलेल्या अशाच यंत्रावरून. लिपी अवघड असलेल्यांना चित्राचे महत्त्व आधी कळते.

मग पर्सनल कॉम्प्युटर आला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गॅमालिंक कंपनीने संगणकाच्या आत बसणारे फॅक्स कार्ड काढले. कॅनडाच्या डेलरिना कंपनीचे ‘विनफॅक्स’ १९९० चे. कल्पना साधी: संगणकाला वाटते आपण प्रिंटरला पान पाठवतोय, पण ते पान प्रिंटरऐवजी मोडेमकडे जाते, मोडेम ते टेलिफोनवर शिट्ट्या मारत दुसऱ्या टोकाला पोहोचवतो. फॅक्स मशीन लागत नाही, कागदही लागत नाही.

मराठीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती आणि तिची नोंद कुठे झालेली दिसत नाही. १९९० च्या दशकात संगणकावरची मराठी म्हणजे श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम. प्रत्येकाचे फाँट वेगळे, प्रत्येकाचा संकेत वेगळा. युनिकोड सर्वसामान्यांच्या हाती यायला विंडोज एक्सपी उजाडावे लागले, आणि सवय व्हायला आणखी दहा वर्षे. त्या काळात श्रीलिपीत टाइप केलेले पत्र ईमेलने पाठवले आणि समोरच्याकडे तो फाँट नसला, की पडद्यावर चिन्हांचा कचरा. उर्दूचे इनपेज आले १९९४ च्या सुमारास, त्याचीही तीच कथा. इनपेजची फाइल इनपेजशिवाय उघडत नाही. पण तेच पत्र संगणकावरून फॅक्स केले की काना-मात्रेसकट, नुक्त्यासकट जसेच्या तसे पोहोचे, कारण जाताना ते अक्षर राहिलेलेच नसे, चित्र झालेले असे. इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला देशात आले, तेही महानगरांत. इंटरनेट येऊन बरीच वर्षे झाली तरी आपल्या भाषांचा खात्रीचा मार्ग फोनच्या तारेतूनच जात होता.

उलट दिशेची गोष्ट, कागद संगणकात घ्यायचा. त्याची सुरुवात १९५७ ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो संगणकात उतरवला. १७६ गुणिले १७६ ठिपके. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा डीपीही त्याहून मोठा असतो. तो फ्लॅटबेड स्कॅनर होऊन झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर यायला चाळीस वर्षे लागली. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टामध्ये फॅक्स आणि स्कॅन एकाच प्रोग्रॅममध्ये घातले, ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ याच नावाने, आणि ते योग्यच होते. दोन्हींचे काम एकच: कागदाचे ठिपके करणे. एकात ते फोनवर जातात, दुसऱ्यात डिस्कवर राहतात.

फॅक्सला कायद्याने किती मानायचे, हा वाद आपल्याकडे चेकच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘एसआयएल इम्पोर्ट’ खटला, निकाल मे १९९९ चा. चेक वटला नाही म्हणून फिर्यादीने १९९६ मध्ये नोटीस आधी फॅक्सने पाठवली, मग रजिस्टर पोस्टानेही. न्यायालय म्हणाले, कायद्यात नोटीस लेखी हवी असे आहे, पोस्टानेच हवी असे नाही, तेव्हा फॅक्स ही नोटीसच. आता गंमत बघा. नोटीस फॅक्सने मिळाल्या दिवसापासून मुदत मोजली, तर फिर्याद दाखल करायला उशीर झालेला निघाला. फॅक्सला मान्यता मिळाली, आणि फॅक्स पाठवणाराच हरला.

फॅक्समध्ये सही दिसते म्हणून त्याला वजन होते. सरकारी हुकूम, स्थगितीचे आदेश, नेमणुका फॅक्सने आल्या की कारकून उभा राहून घेई. आणि आपल्या समाजात याच यंत्राचा गैरवापर करून तलाकही पाठवले गेले, नंतर एसएमएसवरून, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून. २०१९ च्या कायद्यात तोंडी, लेखी ‘किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला’ तात्काळ तिहेरी तलाक रद्दबातल आहे असे शब्द घालावे लागले, ते उगाच नाही. त्या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदीबद्दल माझे मत वेगळे आहे. पण एका कागदाच्या चित्राने संसार मोडता येतो, ही समजूत मोडायलाच हवी होती.

फॅक्सचा शेवटही एका ईदच्या दिवशी झाला म्हणायला हरकत नाही. २१ नोव्हेंबर २०१८. मेहबूबा मुफ्तींनी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार बनवण्याच्या दाव्याचे पत्र राज्यपालांना फॅक्स केले, ते गेलेच नाही, आणि त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. राज्यपाल सत्यपाल मलिक यांचे स्पष्टीकरण असे की त्या दिवशी ईद-ए-मिलादची सुट्टी होती, मशीनजवळ कोणी नव्हते. देशभर लोक हसले. पण एका राज्याच्या सत्तेचा दावा एका यंत्राच्या हँडशेकवर अडकला होता, हे हसण्यासारखे नव्हते.

फॅक्स गेला, स्कॅन राहिला. आणि स्कॅनने आज जे चालवले आहे ते फॅक्सपेक्षा फार मोठे आहे.

महसूल खात्याने जुने अभिलेख स्कॅन करून लोकांना घरबसल्या दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत नाशिक होता. जुने सातबारे, फेरफार, क-ड-ई पत्रके. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. यामुळे तलाठ्याच्या दारातल्या फेऱ्या कमी झाल्या हे खरे आहे आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. पण डिजिटल सातबारा आणि स्कॅन केलेला जुना फेरफार यांत फरक आहे. पहिला अक्षरांचा आहे, संगणक तो वाचू शकतो, शोधू शकतो. दुसरा चित्र आहे. चित्रातले वाचायला माणूसच लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधण्यासाठी. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दफ्तरे बाहेर निघाली. जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरे. धडाधड स्कॅनिंग झाले. आणि मग लक्षात आले की चित्रे आहेत पण वाचणारे नाहीत. नाशिक-पुण्याकडच्या नोंदी मोडीत. मराठवाड्यातल्या मोडीत आणि उर्दूत, काही फारसीत. मोडी वाचकांना मागणी आली, उर्दूच्या जाणकारांना बोलावणे आले. सरकारने या लिप्यांतले दस्त भाषांतर करून डिजिटल करायचे ठरवले. ज्या उर्दूला दुकानाच्या पाटीवरही सहन न करणारे लोक आहेत, त्या उर्दूत लिहिलेल्या एका ओळीवर मराठा मुलाच्या प्रवेशाचे भवितव्य ठरू लागले. मला याचा आनंद उपरोधाने झाला नाही, खरोखर झाला. लिपी सगळ्यांची असते, हे एकदा तरी सरकारी पातळीवर कबूल झाले.

याच दफ्तरांत मुसलमान ओबीसीचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी, मोमीन, कुरेशी. पण जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मास्तरांनी एकच शब्द लिहिलेला असतो: ‘मुसलमान’. कुठे ‘इस्लाम’, कुठे ‘मुस्लिम’. मास्तरांचा दोष नाही, त्यांना तेवढेच पुरेसे वाटले. पण त्या पानाचे कितीही उत्तम स्कॅन केले तरी नसलेला शब्द त्यात उमटत नाही. कुणबी नोंदी सापडायला मोडी वाचणारा पुरतो. इथे वाचायलाच काही नाही.

आता यंत्राच्या एका वेगळ्याच अवगुणाबद्दल. नक्कल पुसट येते, तिरकी येते, हे सर्वांना माहीत आहे. पण नक्कल स्वच्छ, सुबक आणि चुकीची येऊ शकते का? २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने हे दाखवून दिले. एका बांधकामाचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या मशीनवर स्कॅन केला, तर खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडे बदलले. मूळ कागदावर वेगवेगळे असलेले आकडे नकलेत एकसारखे झाले. दुसऱ्या एका तक्त्यात ६ चे ८ झाले. कारण असे, की फाइल लहान करण्यासाठी यंत्र पानावरचे एकसारखे दिसणारे तुकडे शोधते आणि एकाच तुकड्याचे चित्र सगळीकडे वापरते. ‘जेबिग-२’ नावाची पद्धत. बारीक छपाईत इंग्रजी ६ आणि ८ त्याला एकसारखे वाटले. म्हणजे जे यंत्र अक्षर ओळखत नाही म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवला, तेच थोडेसे ओळखायला लागले आणि फसले. कंपनीने पुढे सुधारणा दिली. पण तोवर वर्षानुवर्षे किती कार्यालयांत किती कागद अशा मशीनवरून गेले असतील, आणि त्यांतल्या कितींचे मूळ कागद नंतर रद्दीत गेले असतील?

सर्व्हे नंबर ६५ चा ८५ झाला तर काय होते, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आता वक्फ. हा लेख लिहावासा वाटला तो मुख्यतः यामुळे. ६ जून २०२५ ला केंद्र सरकारने ‘उमीद’ पोर्टल सुरू केले. देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत वक्फ मालमत्तेची माहिती आणि कागदपत्रे सहा महिन्यांत त्यावर चढवायची. डिसेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असणाऱ्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने ‘वापराने झालेला वक्फ’ ही संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली. म्हणजे पिढ्यान्पिढ्या नमाज होते, दफन होते, एवढे आता पुरत नाही. कागद पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातल्या मशिदी, दर्गे, कब्रस्तानांचे कागद कुठे आहेत? मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनचे मुंतखब आहेत. आपल्याकडे, जुन्या मुंबई इलाख्यात, कथा वेगळी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदी झाल्या. हिंदू न्यास ‘ए’, मुस्लिम न्यास ‘बी’, पारशी ‘सी’. म्हणून जुने विश्वस्त अजूनही ‘आमचा बी नंबर’ असे म्हणतात. नंतर १९९५ चा वक्फ कायदा, २००२ मध्ये राज्य वक्फ मंडळ, कार्यालय औरंगाबादला. कागद मात्र जिथे होते तिथेच राहिले: काही धर्मादाय कार्यालयात, काही सिटी सर्व्हेत, काही मुतवल्लीच्या घरी पत्र्याच्या पेटीत. इनामाची सनद मोडीत, शेरा इंग्रजीत, वंशावळ उर्दूत.

या कागदांचे स्कॅन कोण करते? तालुक्याच्या गावी तहसीलसमोरचा सेवा केंद्रवाला. तो वाईट माणूस नाही, त्याच्यासमोर रांग आहे. पोर्टल म्हणते फाइल इतक्या केबीत बसवा, तो बसवतो. रंगीत कागद काळा-पांढरा करतो, कारण फाइल लहान होते. पण जुना कागद तपकिरी पडलेला असतो, काळ्या-पांढऱ्यात तपकिरीचा काळा होतो आणि अक्षरे त्यात बुडतात. जांभळ्या शाईचा शिक्का फिका म्हणून पांढरा होतो, म्हणजे दिसेनासा. जो शिक्का सांगत होता की कोणीतरी दोन कागद शेजारी ठेवून वाचले, तोच जातो. आणि पोर्टलवर हिरवी खूण येते: अपलोड झाले.

पूर्वी नक्कल बिघडली तर जबाबदारी नकलनवीस कारकुनाची होती, त्याची सही होती. आता नक्कल नागरिक करतो, स्वसाक्षांकित करतो, आणि चुकली तर चूक त्याची. कामकाज सोपे झाले म्हणताना ही अदलाबदल कोणी बोलून दाखवत नाही. सरकारने काम सोपे केले ते स्वतःचे, जोखीम मात्र पेटीवाल्या मुतवल्लीकडे सरकवली.

न्यायालयात हा प्रश्न निर्णायक ठरतो. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक आठवत असेल. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले, उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला म्हणून, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले व्हिडिओ चित्रण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात ठरवून दिले: इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच न्यायालयात आणले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ मध्ये तर त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहायचा आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. ही चांगली गोष्ट आहे. फक्त हे लक्षात ठेवायचे की हॅश सांगतो ‘ही फाइल बदललेली नाही’. ती फाइल मूळ कागदाशी जुळते का, हे तो सांगू शकत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे मशिदीचे, कब्रस्तानाचे, किंवा आजोबांच्या शेताचे कागद आहेत, त्यांनी सेवा केंद्रात जाण्याआधी घरी किंवा ओळखीच्या पोराच्या संगणकावर एकदा नीट स्कॅन करून ठेवावे. रंगीत, ३०० डीपीआय, फाइल कितीही मोठी होवो. पोर्टलसाठी त्यातूनच लहान फाइल करता येते, लहानातून मोठी होत नाही. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघावा, विशेषतः सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि तारीख. मोडी किंवा शिकस्ता उर्दू असेल तर आत्ताच कोणाकडून तरी वाचून घ्यावे, वाचणारे म्हातारे होत चालले आहेत. लॅमिनेशन करू नये. आणि कागद पाठपोट स्कॅन करावा. स्टॅम्प पेपरच्या मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याची नोंद असते, कोणी कधी कोणासाठी घेतला त्याची. नव्वद टक्के लोक ती बाजू सोडून देतात असे म्हणण्याचा मोह होतो, पण मोजले कोणी आहे? मी पाहिलेल्या फाइलींत तरी ती बहुतेकदा नसते.